कळ्यांची मोजणी

सकाळी ६.४०

कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक. जानेवारीची थंडी अजून उतरलेली नाही. मॅडम माझ्या आधी येऊन उभ्या आहेत. कारखान्यात त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही. शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांना सतरा वर्षं झाली. त्यातली चौदा एकाच डिस्टिलरीत गेली.

एस.टी. लागते. माझं तिकीट बत्तीस रुपये, त्यांचं सोळा. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. "महिन्याला आठशे वाचतात," त्या म्हणतात. "जवळजवळ एक गॅसची टाकी."

खिडकीबाहेर शहर संपतं आणि ऊस सुरू होतो. काही शेतं उभी, काही तुटून मोकळी. जिल्ह्यात विसेक साखर कारखाने आहेत. आपण चाललोय तो त्यातला एक.

७.३५

गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, वर मोळ्या बांधलेल्या. एक पोरगा ट्रॉलीच्या चाकाला टेकून भाकरी खातोय. रात्री एकला नंबर लावलाय, अजून काट्यावर गेला नाही.

साखरेच्या बाजूचा वास गोड आणि जड. डिस्टिलरीच्या बाजूला वळलं की तो बदलतो. आंबूस, किंचित फळासारखा. बेकरीत पाव भट्टीत जायच्या आधी पिठाला येतो तसा. कारणही तेच आहे. दोन्हीकडे काम करणारं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी.

मॅडम अंगठा लावतात. पगार महिना चोवीस हजार. हंगाम असो नसो, तेवढाच.

८.०५

रात्रपाळीचा केमिस्ट चार्ज देतो. लॉगबुक उघडं. टाकीचं तापमान ३३, पीएच ४.६, साखरेचं प्रमाण दाखवणारं ब्रिक्स, वेळ, सही. तो डोळे चोळत एकच वाक्य जास्तीचं बोलतो.

"तीन नंबरला फेस कमी आलाय."

मॅडम मान हलवतात. तो जातो.

साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. काळी, डांबरासारखी ओघळणारी. तिच्यात अजून निम्म्याच्या आसपास साखर असते, पण ती दाणा धरत नाही. पाणी घालून ती पातळ करतात, यीस्ट सोडतात, यीस्ट साखर खातं. १८० ग्रॅम ग्लुकोज खाल्लं, तर हिशोबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. शेवटच्या प्रतीच्या मळीचा एक टन घेतला, तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल हाती येतं. ते जातं पेट्रोलमध्ये, औषधात, दारूत.

मोठ्या टाकीआधी छोटी टाकी असते, प्री-फर्मेंटर. तिथे यीस्ट वाढवायचं, मग मोठ्या टाकीत सोडायचं. दही लावायच्या आधी विरजण चांगलं हवं, तसं. तीन नंबर म्हणजे ते विरजण.

८.२५

लोखंडी जिना. अठ्ठावीस पायऱ्या, मळीच्या थराने चिकट. पुढे मामा, मग मॅडम, मग मी. मामा हेल्पर आहेत, वय पंचावन्न. ठेकेदाराकडे. हजेरी पाचशे साठ. पायात गमबूट, एका बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

वर मॅनहोल. आत तपकिरी पाणी, त्यावर पांढरट फेसाची साय. बुडबुडे येतात, पण आळसावल्यासारखे.

"वाकू नका," मामा मला मागे ओढतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. टाकीच्या तोंडाशी साचून बसतो, दिसत नाही. एक खोल श्वास घेतला तरी माणूस भोवळ येऊन आत पडू शकतो. मामा चेहरा वाऱ्याच्या बाजूला ठेवून, हात लांब करून साखळीची बाटली सोडतात. बुडाली की वर ओढतात. बाटली कोमट दुधासारखी लागते. यीस्ट काम करताना ऊब सोडतं. थंड पाणी फिरवलं नाही, तर आपल्याच उबेने मरतं.

एका पाळीत मामा हा जिना आठ-दहा वेळा चढतात.

९.१०

प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय चौदाची खोली. एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज, एक ऑटोक्लेव्ह, स्पिरिटचा दिवा, खिडकीत तुळस. मॅडम एक मिलिलिटर नमुना नव्व्याण्णव मिलिलिटर पाण्यात घालतात. त्याला मिथिलिन ब्लूचा थेंब. मोजणीची काच पुसतात. ही काच त्या कुणाला धुवायला देत नाहीत. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघांची चौकट कोरलेली आहे. मधला चौरस एक मिलिमीटरचा, त्यात पंचवीस घरं, थेंबाची खोली मिलिमीटरचा दहावा भाग.

"या, बघा."

मी डोळा लावतो. यीस्टची पेशी साधारण पाच मायक्रॉनची. चारशे पट मोठी केली, की मोहरीएवढी दिसते. मोहरीचे दाणे चौकटीत विखुरलेत. काही गडद निळे. ते मेलेले. जिवंत पेशी रंग आत आला तरी त्याला बिनरंगी करून टाकते. मेलेलीला ते जमत नाही.

मॅडम पाच घरं मोजतात, चार कोपऱ्यांची आणि एक मधलं. डाव्या हातात मोजायचं यंत्र, अंगठ्याने टकटक. आठ, सहा, नऊ, सात, सहा. छत्तीस. त्याला पाचने गुणायचं, मग दहा हजाराने, मग शंभराने. एका मिलिलिटरमध्ये अठरा कोटी. २०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २३ लाख होता. इथे चमच्याच्या पाचव्या हिश्शात त्याहून जास्त.

मोजायचे नियम कडक आहेत. रेघेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं? वरच्या आणि डाव्या रेघेवरची आपली, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. दोन बांधांवरची झाडं आपली, दोन बांधांवरची शेजाऱ्याची. आणि दुसरा नियम, ज्याच्यासाठी मी आज आलोय, तो कळीचा. हे यीस्ट मधोमध फुटून दोन होत नाही. आईच्या अंगावर एक कळी फुटते, वाढते, सुटते. शाळेच्या पुस्तकात त्याला कलिकायन म्हणतात, कारखान्यात बडिंग. कळी आईच्या निम्म्याहून लहान असेल, तर दोघी मिळून एक. निम्मी किंवा मोठी झाली, की दोन.

मग मॅडम दुसरी मोजणी करतात. शंभर पेशींत कळीवाल्या किती? पहाटे चारला लॉगबुकात एकतीस लिहिलंय. आत्ता चौदा भरतात.

९.५०

त्या निळी वही काढतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. पानाच्या कडा मळीने तपकिरी झाल्यात. एका पानावर पेन्सिलने पाच पेशी काढल्यात. बिनकळीची, टिकलीएवढी कळी, निम्मी कळी, मोठी कळी, सुटलेली.

"हे माझं घड्याळ," त्या म्हणतात.

हे घड्याळ ज्याने पहिल्यांदा वाचलं, त्याचं नाव लेलँड हार्टवेल. अमेरिकेत सिएटलला होता. १९७०च्या आसपास त्याने बेकरीच्याच यीस्टमध्ये बिघडलेल्या पेशी शोधायला घेतल्या. थंडाव्याला नीट वाढणाऱ्या आणि ३६ अंशांवर नेलं की अडकणाऱ्या. अडकून तर अनेक तऱ्हेने पडतात. पण काही बिघाडांत गंमत अशी, की अख्ख्या गर्दीतल्या पेशी एकाच ठिकाणी येऊन थांबत. एका बिघाडात सगळ्या बिनकळीच्या. दुसऱ्यात सगळ्यांना मोठी कळी, पण सुटतच नाही. कळीचा आकार बघितला, की कोणत्या टप्प्यावरचं जनुक मोडलंय ते कळतं. १९७३पर्यंत अशी ३२ जनुकं त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वेगळी काढली. नाव दिलं सीडीसी, पुढे आकडा. त्यातलं सीडीसी२८ म्हणजे कळी धरायची की नाही, हा निर्णयच. ते मोडलं, तर पेशी उंबऱ्यावर उभी राहते.

हे सगळं मायक्रोस्कोपला डोळा लावून, एकेक पेशी बघून झालं. माझ्या समोरच्या स्टुलावर बसून मॅडम जे करतायत, तेच काम. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

म्हणून चौदा हा आकडा नुसता आकडा नाही. तीन नंबरमधल्या पेशी उंबऱ्यावर थांबल्यात.

१०.१५

मॅडम पुन्हा डोळा लावतात. काच हळूहळू सरकवतात. बराच वेळ काही बोलत नाहीत.

"लांबुळक्या आहेत ओ."

मी बघतो. सगळ्या नाहीत, पण बऱ्याच. मोहरी राहिलेली नाही, जिरं झालंय. काही ठिकाणी आई आणि लेक सुटलेल्याच नाहीत, टोकाला टोक लावून तीन-चारची साखळी.

"टाकीत एवढं सहसा दिसत नाही. दिसलं की मी थांबतो."

कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मॅडम साहेबासमोर 'येते' म्हणतात, कामात गढल्या की 'येतो'.

आता प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ नाही. या लांब पेशी म्हणजे बाहेरून शिरलेलं दुसरंच रानटी यीस्ट? की आपलंच यीस्ट, पण कशाने तरी रूप बदललेलं? पहिलं असेल, तर वीस हजार लिटर गटारात आणि टाकी धुऊन नव्याने सुरुवात. दुसरं असेल, तर काय कमी पडलंय ते शोधून घालायचं. जातीचा दोष की परिस्थितीचा, हे नुसतं बघून कळत नाही.

मॅडम दोन फ्लास्क घेतात. दोन्हींत मळीचं पातळ पाणी, निर्जंतुक केलेलं. एकात चिमूटभर युरिया आणि डीएपी, दुसरा तसाच. दोन्हींत तीन नंबरचा नमुना सोडतात. कापसाची बुचं. फ्लास्कवर पेन्सिलने वेळ. ३० अंशांच्या पेटीत ठेवून देतात. चांगलं खायला असलं, तर या तापमानाला दीड तासात एकीच्या दोन होतात. चार तास पुरतील.

१०.४०

मामांना घेऊन त्या डोसिंगच्या टाकीकडे जातात. यीस्टला मळीतून साखर भरपूर मिळते, नायट्रोजन मिळत नाही. तो युरिया आणि डीएपीतून द्यावा लागतो. पाण्यात विरघळवून बारीक नळीने सोडतात. मामा झडप उघडतात. काही येत नाही. नळी काढतात, तोंडाने फुंकतात, मग सायकलची तार घालतात. पांढरा गोळा बाहेर पडतो, गोटीएवढा. न विरघळलेलं डीएपी. त्यामागे पाण्याची धार.

"रात्रीपास्नं उपाशीच हुतं की ते," मामा म्हणतात.

झडपेवर खडूची खूण होती, उघडी असल्याची. रात्रीच्या माणसाने झडप उघडली होती, लिहिलंही होतं. नळी आतून तुंबलेली कुणाला दिसणार. ठेकेदाराकडे दोन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा आहे. मॅडम लॉगबुकात लिहितात, 'डोसिंग लाइन चोक. साफ केली.' कोण होतं ते लिहीत नाहीत.

मामा डीएपीचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतात. "शेतातलं पोतं साडेतेराशेला मिळतंय," ते म्हणतात. त्यांचा तीस गुंठे ऊस आहे. "रांगेत दोन दिस उभं राहिलं तर." आज पोतं कोमट पाण्यात घालून लाकडी फळीने वीस मिनिटं ढवळतात. कालचं थंड पाण्यात घातलं होतं.

११.३०

तीन नंबरला धार सुरू झाली आहे. आता वाट बघायची. मॅडम वहीचं पुढचं पान काढतात आणि मी विचारतो, भूक लागली म्हणून पेशी लांब का होईल?

"त्याला पाय नाहीत ना," त्या म्हणतात.

यीस्ट हलू शकत नाही. अन्न संपलं, तर पुढच्या अन्नाकडे जायचा एकच रस्ता, लांब होत जायचं. आई लांब, तिच्या टोकाला लेक लांब, तिच्या टोकाला नात. सुटायचं नाही. अमेरिकेत जेराल्ड फिंकच्या प्रयोगशाळेने १९९२ साली हे नीट दाखवलं. यीस्टला नायट्रोजनचा दुष्काळ पाडला, तर गोल पेशींची वसाहत कडेने मुळ्या फुटल्यासारखी पसरते, खालच्या आगरच्या जेलीत घुसते.

आतली व्यवस्था मॅडम बोटांनी दाखवतात. कळी कुठून फुटायची, ते सीडीसी४२ हे जनुक ठरवतं. त्याचं प्रथिन पेशीच्या कडेला एका जागी गोळा होतं आणि सगळं बांधकामाचं सामान तिकडे वळतं. गवंडी जिथे उभा, तिथेच विटा. ते मोडलं, तर पेशी कळी काढूच शकत नाही, नुसती फुगत राहते. नेहमी कळी आधी टोकाकडून वाढते, मग चहूकडून, म्हणून गोल होते. टोकाकडून चहूकडे वळायचं ते विभाजनाचं चक्र पुढे सरकलं की. स्वी१ नावाचं एक जनुक या चक्राला ब्रेक लावतं. ब्रेक लांबला, तर टोकाची वाढ चालूच राहते. मोहरीचं जिरं होतं ते असं. आणि फ्लो११ पेशीच्या भिंतीवर चिकट प्रथिन आणून बसवतं, त्याने आई-लेक धरून राहतात.

म्हणजे आकार हा वेगळा असा कुठे लिहिलेला नाही. किती वेळ कुठे वाढायचं, त्या वेळेचा तो आकार आहे.

या विषयावर पुण्यातही काम झालं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बेंजामिनिएला पॉयट्रासाय नावाच्या बुरशीवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, ती कधी यीस्टसारखी गोल राहते आणि कधी धाग्यासारखी पसरते यावर. माणसाच्या अंगातली कँडिडा हेच करते. गोल असताना निमूट असते, धागा झाली की पेशींत घुसते. आणि उसावर काणी येते, शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो, तिची बुरशीसुद्धा आधी यीस्टसारख्या सुट्या पेशींत वाढते. दोन वेगळ्या पेशी जुळल्या की धागा होतो, आणि धागाच उसात शिरतो. मामांच्या तीस गुंठ्यांत दोन वर्षांपूर्वी काणी आली होती. त्यांनी बेटं उपटून पोत्यात भरून जाळली.

१२.४०

डबा. मॅडमचा झुणका, भाकरी, मिरचीचा ठेचा. मामांची भाकरी आणि वांगं. मी कँटीनची थाळी घेतो, सत्तर रुपये. मॅडम डब्याच्या झाकणात झुणका काढून माझ्याकडे सरकवतात.

जनुकांच्या नावांवर बोलणं येतं. पॉल नर्स नावाचा इंग्रज तरुण १९७०च्या दशकात स्कॉटलंडला एडिंबराला दुसऱ्या एका यीस्टवर काम करत होता. त्या यीस्टचं नाव शायझोसॅकरोमायसीस पोंबे. पोंबे म्हणजे स्वाहिली भाषेत बिअर. पूर्व आफ्रिकेतल्या ज्वारी-बाजरीसारख्या धान्याच्या बिअरमधून ते मिळालं होतं. ते कळी काढत नाही. कांडीसारखं लांब होतं आणि मधोमध तुटतं, उसाचं टिपरं तोडावं तसं. मळीच्या काही सलग पद्धतींत तेही वापरलं गेलंय. नर्सला काही पेशी नेहमीपेक्षा लहान दिसल्या. लवकर, वाढ पुरी व्हायच्या आधीच तुटणाऱ्या. स्कॉटलंडात लहानग्याला 'वी' म्हणतात, म्हणून जनुकाचं नाव वी१. हे विभाजन थांबवून धरणारं जनुक. ते मोडलं की पेशी घाई करते. आपलं स्वी१ हा त्याचाच कळीवाल्या यीस्टमधला भाऊ.

"आणि आपल्या यीस्टमधल्या लहान पेशींच्या जनुकांना व्ही म्हणतात," मॅडम सांगतात. "व्हिस्कीवरून. व्ही५ वगैरे."

मामा पहिल्यांदाच नीट हसतात. "म्हंजे आपल्याच धंद्यातलं."

१.२०

मॅडम स्लोप बदलायला घेतात. महिन्यातून एकदा. काचेच्या नळीत तिरकं गोठवलेलं आगर, त्यावर यीस्टची पिवळसर साय. पुण्याहून आणलेल्या मूळ नळीची ही संतती. अख्खी डिस्टिलरी या बोटभर नळीवर उभी आहे. एका पेशीपासून शुद्ध वंश वाढवायचा, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेनने १८८३ साली केलं. पद्धत अजून तीच.

पंखा बंद. खिडकी बंद. स्पिरिटचा दिवा. तारेचा लूप लाल होईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा, जुन्या नळीला टेकवायचा, नव्या नळीवर नागमोडी ओढायचा. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं. बूच. अशा सहा नळ्या. मॅडमच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग आहे, गुळगुळीत.

मागच्या खेपेच्या नळ्यांपैकी एकीत हिरवी बुरशी दिसते. त्या ती बाजूला ठेवतात, ऑटोक्लेव्हसाठी. टाकायच्या आधी उजेडात धरून एकदा बघतात.

नर्सनेही एकदा बुरशी लागलेली एक प्लेट टाकून दिली होती. शुक्रवार, पाऊस. घरी गेल्यावर चैन पडेना, म्हणून सायकलने चढ चढून परत आला आणि ती कचऱ्यातून काढली. त्याआधी त्याला पन्नासेक लहान पेशींचे वाण मिळाले होते, सगळ्यांत बिघाड वी१ मध्येच. या प्लेटमधला निराळा निघाला. त्याचा बिघाड सीडीसी२ मध्ये होता. हे विभाजन थांबवणारं जनुक नव्हे, चालवणारं. पुढे १९८७ साली नर्स आणि मेलनी ली यांनी सीडीसी२ मोडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं सोडून बघितली. माणसाच्या एका जनुकाने यीस्टचं अडलेलं चक्र चालू केलं. हार्टवेलचं सीडीसी२८ही तेच जनुक. २००१चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि टिम हंट या तिघांना मिळालं.

मॅडमच्या सासूबाईंना चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. आता बऱ्या आहेत. त्या आजारावरच्या गोळ्यांतला एक गट सीडीसी२च्याच घराण्यातल्या प्रथिनांना थोपवतो. "डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं, तेव्हा मी वही काढून बघितली," त्या म्हणतात. आणि पुढची नळी ज्योतीवर धरतात.

२.३०

ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. खोली तापते. मामा दरवाज्यात फडकं घेऊन उभे. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आधी उघडलं, तर फ्लास्क उकळून बाहेर येतात. वीस मिनिटांचं काम, थंड व्हायला चाळीस. मामा भिंतीला टेकून तेवढ्यात डुलकी घेतात.

२.५०

पेटीतले फ्लास्क बाहेर. पहिला, नुसत्या मळीचा. लांब पेशी, तशाच. कळ्या थोड्या, त्याही लांब.

दुसरा, युरिया-डीएपीचा. मॅडम बघतात. सरकवतात. बघतात. मग स्टुलावरून उठतात आणि मला जागा देतात.

लांब पेशी आहेतच. पण त्यांच्या टोकांना कळ्या फुटल्यात आणि त्या कळ्या गोल आहेत. जिऱ्याच्या टोकाला मोहरी.

"लांब झालेली परत गोल होत नाही," मॅडम म्हणतात. "भिंत एकदा बांधली ती बांधली. तिची लेक गोल निघते."

आपलंच यीस्ट आहे. वीस हजार लिटर वाचले. मॅडम साहेबांना फोन करतात. चार वाक्यांत संपतो.

३.१५

तीन नंबरचा दुसरा नमुना. मामा पुन्हा जिना चढतात. आता फेस जाड आहे, बुडबुडे दाटीने फुटतायत, मॅनहोलपाशी तडतड ऐकू येते. मॅडम मोजतात. एकोणचाळीस. साडेएकोणीस कोटी. कळीवाल्या शंभरात सव्वीस. मेलेल्या नऊ, सकाळएवढ्याच.

मामा चहा आणतात. दहा रुपये कप. पैसे मॅडम देतात. उद्या मामा देतील.

३.४५

चार ते बाराचा केमिस्ट येतो. नवा आहे, सहा आठवडे झाले. कागलचा. मॅडम त्याला आकडा सांगत नाहीत. "तू मोज," म्हणतात आणि काच तशीच ठेवतात.

तो मोजतो. ओठ हलतात. "सेहेचाळीस. तेवीस कोटी."

"कळ्या सगळ्या धरल्यास?"

"हो."

मॅडम स्टूल ओढून शेजारी बसतात. मायक्रोस्कोप एकच, म्हणून एकदा तो बघतो, एकदा त्या. घर पहिलं. ही? लहान आहे, आईत धर. ही? हीपण. घर दुसरं. मामा दारात गमबूट काढून पाय मोकळे करतायत. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा होतो. चार पंचवीसची एस.टी. आहे, पण मॅडम घड्याळाकडे बघत नाहीत.

शेवटच्या घरात एक पेशी रेघेच्या आत अगदी कोपऱ्याला. तिच्यावरची कळी ना लहान, ना मोठी. पोरगा बारीक स्क्रू फिरवतो. मागे, पुढे.

"अर्धी झाली असेल?"

मॅडम डोळा लावतात. बघतात.

"झाली," त्या म्हणतात. "दोन धर."

चाळीस. तो लॉगबुकात लिहितो, वीस कोटी, आणि सही करतो. मॅडम काच नळाखाली धरतात, स्वतः धुतात, मऊ कापडाने टिपून डबीत ठेवतात. मग पिशवी उचलतात.